ईटीएल टूल सीआरएमला जोडायचंय, पण लॉगिन कोणतं वापरायचं? नवीन पोट्ट्यांसाठी पायरी-पायरीनं

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात म्हणा, मिहानमध्ये म्हणा नाहीतर सदरमधल्या एखाद्या छोट्या ऑफिसात म्हणा, डेटा इंटिग्रेशनच्या (एका सिस्टममधला डेटा काढून, नीट करून दुसरीत टाकायचा, त्यासाठीचं टूल म्हणजे ईटीएल टूल) टीममध्ये नवीन पोट्टं लागलं की पहिलं काम हमखास हेच भेटतं, "ते सीआरएमचं कनेक्शन बनवून टाक जरा, पाच मिनिटांचं काम आहे." (सीआरएम म्हणजे कंपनी आपल्या ग्राहकांची माहिती ठेवते ते सॉफ्टवेअर.) मंग ते पोट्टं कनेक्शनची स्क्रीन उघडतं आणि तिथे ऑथेंटिकेशन टाइपचा, म्हणजे लॉगिनच्या पद्धतीचा, ड्रॉपडाउन असतो, त्यात बेसिक, ओऑथ, क्लायंट क्रेडेन्शियल्स, जेडब्ल्यूटी, सर्टिफिकेट असं काय काय लिहिलेलं, आणि सिनियर तेवढ्यात चहाला गेलेला असतो.

या ड्रॉपडाउनमधलं काय कधी निवडायचं, सीआरएमच्या ॲडमिनकडून काय मागायचं आणि लोक कुठे अडकतात ते खाली लिहितोय. मी स्वतः इन्फॉर्मॅटिका, एसएसआयएस आणि ॲझ्युर डेटा फॅक्टरीवर ही कामं करतो, पण टूल कोणतंही असलं तरी खेळ तोच आहे, कारण दार सीआरएमचं असतं आणि कुलूप कोणतं लावायचं ते सीआरएमवालाच ठरवतो.

१. आधी हे ठरवा की जॉब कोणाच्या नावानं चालणार

पद्धत निवडायच्या आधीचा प्रश्न हा आहे आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. तुमचा जॉब रात्री दोन वाजता चालणार, तेव्हा स्क्रीनसमोर कोणी बसलेलं नसणार, म्हणजे ओटीपी टाकायला, "अलाऊ" बटण दाबायला माणूस नाही. आणि जो माणूस आज आहे तो सहा महिन्यांनी पुण्याला गेलेला असेल. त्याच्या नावानं कनेक्शन बनवलं असेल तर एचआरनं त्याचा आयडी बंद केला त्या रात्रीच तुमचे सगळे जॉब लाल होतात, आणि गंमत म्हणजे कोणाला कळतही नाही काहून झालं, कारण कोडमध्ये कोणी काही बदललेलंच नसतं.

म्हणून पहिली मागणी हीच करा की आम्हाला वेगळा इंटिग्रेशन युजर द्या. ॲडमिन म्हणेल लायसन्सचा खर्च येतो. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये एंटरप्राइझ, परफॉर्मन्स आणि अनलिमिटेड एडिशनला "सेल्सफोर्स इंटिग्रेशन" नावाची पाच युजर लायसन्स फुकटात भेटतात, खास एपीआयच्या (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायचा रस्ता) कामासाठी, बऱ्याच ॲडमिन लोकांना हे माहीतच नसतं. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये तर ॲप्लिकेशन युजर (माणसाऐवजी ॲपच्या नावाचा) बनतो, त्याला पैसेवालं लायसन्स लागतच नाही. तेव्हा खर्चाचं कारण आलं की हे नम्रपणे सांगा.

२. ॲडमिनला मेल टाकायच्या आधी ही यादी जमवा

क्लायंट अमेरिकेतला असला की त्याचा ॲडमिन आपल्या संध्याकाळी उगवतो, एक गोष्ट मागायची राहिली की सरळ एक दिवस गेला. म्हणून एकाच मेलमध्ये सगळं मागा:

- सीआरएम कोणतं आणि एडिशन कोणती (सेल्सफोर्सच्या प्रोफेशनल एडिशनला एपीआय वेगळं विकत घ्यावं लागतं, हे आधीच विचारा, नाहीतर दोन दिवस पासवर्ड तपासत बसाल आणि एपीआयच बंद असेल)
- प्रॉडक्शन (खरं चालू) की सँडबॉक्स (टेस्टसाठीची नक्कल), आणि लॉगिनचा पूर्ण पत्ता, ब्राउझरमध्ये दिसतो तसाच्या तसा कॉपी केलेला
- इंटिग्रेशन युजरचं नाव आणि त्याला कोणकोणत्या ऑब्जेक्टवर (सीआरएममधलं टेबल) काय करायची परवानगी, वाचायची की लिहायची पण
- क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट (आपल्या ॲपचं नाव आणि त्याचा पासवर्ड समजा), सिक्रेट कोणत्या तारखेला संपणार तेही
- मायक्रोसॉफ्टचं असेल तर टेनंट आयडी (क्लायंट कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्याची ओळख)
- आयपीचं (इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता) बंधन आहे का, असेल तर आपल्या बाजूचा कोणता आयपी त्यांना द्यायचा

आणि तुमच्याकडून त्यांना द्यायच्या दोन गोष्टी, एक म्हणजे टूलचा कॉलबॅक पत्ता (लॉगिन झाल्यावर सीआरएम टूलकडे परत पाठवतं तो, टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असतो, अंदाजे टाकू नका, शेवटी एक स्लॅश जास्त झाला तरी चालत नाही) आणि दुसरा तो आयपी.

आयपीबद्दल जरा थांबून सांगतो. जॉब खरा कुठून चालतो ते बघा. इन्फॉर्मॅटिका क्लाउडमध्ये तुम्ही ब्राउझरमध्ये बटणं दाबता पण सीआरएमला जाऊन बोलतो तो सिक्युअर एजंट, तो ज्या मशीनवर बसवला आहे त्या मशीनचा आयपी द्यायचा. एजंट तुमच्या घरच्या लॅपटॉपवर टाकला असेल आणि साधं ब्रॉडबँड असेल तर तो आयपी पक्का नसतो, मे महिन्यात दुपारी लाइट गेली, राउटर बंद होऊन परत चालू झाला की आयपी बदलू शकतो, आणि सकाळी चालणारं कनेक्शन संध्याकाळी "इन्व्हॅलिड लॉगिन" म्हणायला लागतं. पोट्टे मग पासवर्ड रिसेट करत बसतात. पासवर्डचा काही संबंधच नसतो.

३. पद्धती किती आणि कोणती कधी

नावं भरपूर दिसतात पण कामाच्या पाचच.

युजरनेम आणि पासवर्ड. सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी, आणि हळूहळू सगळीकडून हद्दपार होऊन राहिली आहे. मायक्रोसॉफ्टनं डायनॅमिक्ससाठीचं डब्ल्यूएस-ट्रस्ट नावाचं पासवर्डवालं लॉगिन फेब्रुवारी २०२० मध्ये जुनं ठरवलं आणि एप्रिल २०२२ पासून बंदच केलं. सेल्सफोर्समध्ये सोप (SOAP) नावाच्या जुन्या एपीआयचं लॉगिन अजून जुन्या व्हर्जनवर चालतं पण तेही समर २०२७ च्या रिलीजमध्ये जाणार आहे. शिकायला, डेमोला ठीक. नवीन प्रोजेक्टमध्ये कोणी हे सुचवत असेल तर विचारा काहून.

ओऑथ, ब्राउझरवालं. टूलमध्ये "ऑथराइज" बटण दाबलं की सीआरएमचं पान उघडतं, तुम्ही लॉगिन करून "अलाऊ" म्हणता, आणि टूलला दोन टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचे पास, भेटतात. ॲक्सेस टोकन थोड्या वेळाचं, रिफ्रेश टोकन लांब पल्ल्याचं, त्यावर नवीन ॲक्सेस टोकन भेटतं. पासवर्ड टूलकडे जातच नाही, हा खरा फायदा. ओऑथ २.० चं स्टँडर्ड ऑक्टोबर २०१२ चं आहे, तेव्हा हे काही नवीन फॅड नाही. पण एक लक्षात ठेवा, ज्याच्या लॉगिननं "अलाऊ" दाबलं त्याच्याच नावानं जॉब चालतो. स्वतःच्या लॉगिननं दाबलं तर पायरी १ मध्ये सांगितलेला पुण्याला गेलेला माणूस तुम्हीच.

क्लायंट क्रेडेन्शियल्स. यात माणूसच नाही. ॲपचा आयडी आणि ॲपचं सिक्रेट दिलं की टोकन भेटतं, संपलं की टूल परत मागून घेतं, रिफ्रेश टोकनची भानगड नाही. रात्रीच्या जॉबसाठी माझी पहिली पसंती हीच.

जेडब्ल्यूटी किंवा सर्टिफिकेट. वरच्यासारखंच, फक्त सिक्रेटच्या जागी की-जोडी (एक उघड, एक गुप्त). सर्टिफिकेट सीआरएममध्ये अपलोड करायचं, प्रायव्हेट की आपल्या सर्व्हरवर ठेवायची. बँक, हॉस्पिटल अशा क्लायंटची सिक्युरिटी टीम हेच मागते. थोडं किचकट आहे पण गुपित नेटवर्कवरून कधी जातच नाही.

पक्कं टोकन. सीआरएममध्ये एक ॲप बनवा, लांबलचक टोकन कॉपी करा, टूलमध्ये टाका, झालं. हबस्पॉटचं प्रायव्हेट ॲप असं चालतं. सोपं आहे, पण ज्याच्या हाती ते टोकन लागलं त्याला दार उघडं.

ओऑथमध्येच "पासवर्ड ग्रँट" नावाचा एक प्रकार ड्रॉपडाउनमध्ये दिसेल, नाव ओऑथ असलं तरी आत पासवर्डच द्यायचा असतो. हा घेऊ नका. जानेवारी २०२५ ला आलेल्या ओऑथच्या सुरक्षा दस्तऐवजात, आरएफसी ९७००, स्पष्ट लिहिलंय की हा वापरायचाच नाही, आणि सेल्सफोर्सनं समर २०२३ पासूनच्या नवीन ऑर्गमध्ये (ऑर्ग म्हणजे कंपनीचं सेल्सफोर्समधलं खातं) तो मुळातच बंद ठेवलेला असतो.

४. सेल्सफोर्स

नागपुरात काम येतं त्यात हेच जास्त, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी जुनी पद्धत, कारण चालू प्रोजेक्टमध्ये ती सापडेलच. युजरनेम, पासवर्ड आणि सिक्युरिटी टोकन. टोकन युजरच्या पर्सनल सेटिंगमध्ये जाऊन रिसेट केलं की मेलवर येतं. काही टूलमध्ये टोकनचा वेगळा डबा असतो, काहींमध्ये नसतो, तिथे पासवर्डच्या शेवटी लगेच चिकटवायचं, मधे स्पेस नाही. पासवर्ड बदलला की टोकन आपोआप नवीन होतं आणि जुनं मरतं. पासवर्ड मूळ सेटिंगमध्ये ९० दिवसांनी संपतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी एका रात्री जॉब पडणार हे ठरलेलंच, आणि शेड्युलर परत परत ट्राय करायला ठेवला असेल तर चुकीचे प्रयत्न मोजून सेल्सफोर्स तो युजर लॉकच करून टाकतं. शिवाय प्रोफाइलवर (युजरच्या परवानग्यांचा संच) लॉगिन आयपी रेंज लावलेली असेल तर टोकन रिसेट करायचा पर्याय दिसतच नाही, शोधत बसू नका.

सँडबॉक्सचं वेगळं. युजरनेमच्या शेवटी डॉट लावून सँडबॉक्सचं नाव जोडलेलं असतं आणि पत्ता लॉगिन डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम ऐवजी टेस्ट डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम. या दोनपैकी एक चुकलं की तोच "इन्व्हॅलिड लॉगिन".

आता नवीन पद्धत, क्लायंट क्रेडेन्शियल्स:

क) ॲडमिन सेटअपमध्ये जाऊन एक्स्टर्नल क्लायंट ॲप (बाहेरच्या टूलची सेल्सफोर्समधली नोंद) बनवेल. जुन्या लेखांमध्ये, व्हिडिओमध्ये कनेक्टेड ॲप सांगतात, आधीपासून बनलेली ती चालतात, पण नवीन कामासाठी सेल्सफोर्स स्वतःच एक्स्टर्नल क्लायंट ॲपकडे ढकलून राहिलं आहे.

ख) ओऑथ चालू करायचं, स्कोपमध्ये (टूलला काय काय करायची मुभा) "मॅनेज युजर डेटा व्हाया एपीआयज" घ्यायचं. "फुल ॲक्सेस" घेऊ नका, घेतलं तर सिक्युरिटी ऑडिटमध्ये प्रश्न येईल आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

ग) क्लायंट क्रेडेन्शियल्स फ्लोवर टिक, आणि नंतर पॉलिसीमध्ये "रन ॲज" युजर म्हणून आपला इंटिग्रेशन युजर टाकायचा. ही टिक आणि हा युजर दोन वेगळ्या ठिकाणी असतात, ॲडमिन पहिलं करतो आणि दुसरं विसरतो. तेव्हा एरर येतो तो साधारण असा, "नो क्लायंट क्रेडेन्शियल्स युजर एनेबल्ड". हा एरर दिसला की तुमच्या बाजूला काहीच तपासू नका, सरळ ॲडमिनला स्क्रीनशॉट पाठवा.

घ) टूलमध्ये पत्ता टाकताना त्या ऑर्गचा माय डोमेनवाला, म्हणजे तिचा स्वतःचा, पत्ता टाका. इथे लॉगिन डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम चालत नाही, "रिक्वेस्ट नॉट सपोर्टेड ऑन धिस डोमेन" म्हणतं.

च) ॲप बनवल्यावर किंवा बदलल्यावर दहा मिनिटं थांबा. खरंच थांबा, खाली जाऊन तर्री पोहा खाऊन या. बदल लगेच लागू होत नाही, आणि त्या दहा मिनिटांत घाबरून लोक बरोबर असलेली सेटिंग बदलून टाकतात.

जेडब्ल्यूटी वापरत असाल तर सर्टिफिकेट ॲपमध्ये अपलोड झालंय ना, आणि "ॲडमिन अप्रूव्ह्ड युजर्स आर प्री-ऑथराइज्ड" हे निवडून इंटिग्रेशन युजरच्या प्रोफाइलला किंवा परमिशन सेटला ते ॲप दिलंय ना, एवढं बघा. दिलं नसेल तर "युजर हॅजन्ट अप्रूव्ह्ड धिस कन्झ्युमर" येतं. आणि सर्व्हरचं घड्याळ. जेडब्ल्यूटीची मुदत तीन मिनिटांच्या आतली ठेवावी लागते, मशीनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे-मागे असलं की सगळं बरोबर असूनही नकार येतो.

ब्राउझरवालं ओऑथ घेतलं असेल तर एक सापळा असा आहे जो शोधायला फार त्रास देतो. एका युजरला एका ॲपसाठी पाचच मंजुऱ्या चालू ठेवता येतात. तुम्ही त्याच युजरनं, त्याच ॲपनं डेव्हमध्ये ऑथराइज केलं, मंग टेस्टमध्ये, मंग प्रॉडक्शनमध्ये, मंग कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर, असं करत सहावी मंजुरी झाली की सगळ्यात जुनी गुपचूप रद्द होते. म्हणजे एखाद्यानं दुपारी लॅपटॉपवर टेस्ट केली आणि रात्री भलताच जॉब पडला. प्रत्येक वातावरणाला वेगळं ॲप ठेवा, हा प्रश्नच येत नाही. ॲपच्या रिफ्रेश टोकन पॉलिसीत पण "रद्द करेपर्यंत चालू" आहे का ते बघून घ्या, आणि स्कोपमध्ये रिफ्रेश टोकन, ऑफलाइन ॲक्सेस घेतलंय का तेही, नाहीतर रिफ्रेश टोकन येणारच नाही आणि ॲक्सेस टोकन संपलं की खेळ खलास.

५. डायनॅमिक्स ३६५

इथे दोन घरं आहेत आणि दोन्हीकडे नाव नोंदवावं लागतं. पहिलं मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी, म्हणजे जुनं ॲझ्युर एडी, तिथे ॲप रजिस्ट्रेशन करायचं. तिथून टेनंट आयडी आणि ॲप्लिकेशन आयडी घ्यायचा, मग क्लायंट सिक्रेट बनवायचं.

सिक्रेट बनवलं की स्क्रीनवर दोन रकाने दिसतात, एक "व्हॅल्यू" आणि एक "सिक्रेट आयडी". लागतं ते व्हॅल्यू. आणि व्हॅल्यू एकदाच दिसतं, पान सोडून परत आलात की ते झाकलेलं असतं, फक्त सिक्रेट आयडी पूर्ण दिसतो, म्हणून ॲडमिन भोळेपणानं तोच पाठवतो. दोघांमधला फरक नजरेनं कळतो, सिक्रेट आयडी ठरावीक अंतरानं डॅश असलेला असतो, टेनंट आयडीसारखाच दिसणारा. तसं काही मेलमध्ये आलं तर टूलमध्ये टाकायच्या आधीच परत विचारा. टाकलंच तर एरर येतो एएडीएसटीएस७०००२१५, आणि त्या मेसेजमध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय की व्हॅल्यू द्या, आयडी नको, इतक्या लोकांचं हे होतं. सिक्रेटची मुदत संपली असेल तर शेवटचे आकडे बदलून ७०००२२२ येतो.

दुसरं घर म्हणजे पॉवर प्लॅटफॉर्म ॲडमिन सेंटर. तिथे आपलं एन्व्हायर्नमेंट उघडून, सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन युजर्सवर जाऊन ते ॲप जोडायचं, बिझनेस युनिट निवडायचं आणि सिक्युरिटी रोल द्यायचा. हे राहिलं तर टोकन व्यवस्थित भेटतं पण डेटा मागितला की नकार. नवीन माणसाला इथे कळतच नाही की टोकन भेटलं तर मंग अडलं कुठे. रोल देताना "सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर" देऊन मोकळं व्हायचा मोह ॲडमिनला होतो, तुम्ही लागणाऱ्या टेबलांचीच यादी द्या आणि त्यापुरता रोल मागा.

पत्ता ऑर्गच्या नावानं सुरू होतो आणि मधे सीआरएम लिहून आकडा असतो, भारतातल्या एन्व्हायर्नमेंटला सीआरएम८. क्लायंट बाहेरचा असला तर आकडा वेगळा असेल किंवा नसेलही, तेव्हा आधीच्या प्रोजेक्टचा पत्ता कॉपी-पेस्ट करून फक्त ऑर्गचं नाव बदलू नका. स्कोप विचारला तर हाच पूर्ण पत्ता आणि शेवटी स्लॅश, डॉट डिफॉल्ट.

६. झोहो आणि हबस्पॉट

इकडचे छोटे क्लायंट, डीलर, क्लासेसवाले, संत्री एक्स्पोर्ट करणारे, यांच्याकडे बहुतेक झोहो असतं. झोहोमध्ये एकच गोष्ट नव्वद टक्के लोकांना अडवते, ती म्हणजे डेटा सेंटर. खातं भारतातलं असेल तर सगळे पत्ते डॉट इन वाले, अकाउंट्स डॉट झोहो डॉट इन. नेटवरचं प्रत्येक उदाहरण डॉट कॉमचं असतं, ते तसंच उचललं की "इन्व्हॅलिड क्लायंट" येतं आणि तुम्ही क्लायंट आयडी दहा वेळा कॉपी करत बसता.

सर्व्हरच्या कामासाठी एपीआय कन्सोलमध्ये "सेल्फ क्लायंट" बनवा. तिथे स्कोप लिहून कोड काढायचा, तो कोड जास्तीत जास्त दहा मिनिटं चालतो आणि एकदाच चालतो. त्या कोडवर रिफ्रेश टोकन भेटतं, ते जपून ठेवा, ॲक्सेस टोकन एक तासाचं असतं आणि टूल ते स्वतः नवीन करून घेतं. आधी टूलची स्क्रीन, पोस्टमन (एपीआय तपासून बघायचं सॉफ्टवेअर) वगैरे सगळं उघडं ठेवा आणि मगच कोड काढा. इथेही रिफ्रेश टोकनला मर्यादा आहे, एका युजरला वीस, त्यापुढे जुनी जायला लागतात, म्हणून प्रत्येक टेस्टला नवीन काढायची सवय लावू नका.

हबस्पॉटची जुनी एपीआय की ३० नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली. जुन्या जॉबमध्ये "हबस्पॉट एपीआय की" नावाचा पॅरामीटर दिसला तर तो जॉब बंदच पडलेला असणार, प्रायव्हेट ॲपचं टोकन घेऊन बदला. फार काही नाही त्यात.

७. टूलमध्ये भरताना

मेलमधून कॉपी केलेल्या सिक्रेटच्या मागे-पुढे स्पेस किंवा नवीन ओळ चिकटून येते. आधी नोटपॅडमध्ये टाका, कर्सर शेवटी नेऊन बघा, मग टूलमध्ये. वर्डमधून तर कॉपी करूच नका, वर्ड डॅश आणि अवतरण चिन्हं बदलून टाकतं आणि डोळ्याला फरक दिसत नाही.

सिक्रेट जॉबच्या कोडमध्ये लिहू नका. टूलचं कनेक्शन ऑब्जेक्ट, नाहीतर ॲझ्युर की व्हॉल्टसारखी तिजोरी, तीही नसेल तर निदान एन्क्रिप्ट केलेली पॅरामीटर फाइल. एसएसआयएसमध्ये पॅकेज दुसऱ्या मशीनवर नेलं की सिक्रेट गायब होतं, कारण मूळ सेटिंगमध्ये ते तुमच्या विंडोज युजरच्या कीनं बंद केलेलं असतं. डिप्लॉय करताना ते प्रोजेक्ट पॅरामीटरमधून किंवा कॅटलॉगच्या एन्व्हायर्नमेंटमधून द्या.

शिकायला टूल शोधत असाल तर एक सांगतो, क्लासमध्ये अजून शिकवतात ते टॅलेंडचं फुकटवालं ओपन स्टुडिओ ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालंय. त्याच्यात नवीन ऑथेंटिकेशन यायची वाट बघू नका.

"टेस्ट सक्सेसफुल" आलं म्हणून उठून जाऊ नका. टेस्ट फक्त दारातून आत गेलात एवढंच सांगते. आता एक ऑब्जेक्ट उघडा आणि कॉलम मोजा. सेल्सफोर्समध्ये इंटिग्रेशन युजरला एखाद्या फील्डची परवानगी नसेल तर तो कॉलम यादीत दिसतच नाही, एरर वगैरे काही नाही, जणू तो नाहीच. ॲडमिनला त्याच्या स्क्रीनवर सगळे कॉलम दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत, आणि दोघं फोनवर एकमेकाला खोटं पाडत असतात. फील्ड लेव्हल सिक्युरिटी हा शब्द उच्चारा, भांडण तिथेच मिटेल.

८. एरर आला तर कुठून सुरू करायचं

आकडा बघा. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही, टोकन, सिक्रेट, पत्ता तपासा. ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं पण परवानगी नाही, तेव्हा सिक्रेट बदलून काही होणार नाही, रोल आणि परमिशन सेट बघा.

सेल्सफोर्स असेल तर ॲडमिनला एकच गोष्ट सांगा, "सर, सेटअपमध्ये लॉगिन हिस्ट्री उघडून आपल्या इंटिग्रेशन युजरची शेवटची ओळ वाचून दाखवता का?" त्या ओळीत वेळ असते, आयपी असतो आणि नकाराचं खरं कारण असतं, पासवर्ड चुकला, टोकन चुकलं, आयपी बंद आहे, युजर लॉक आहे. आपल्याला बाहेरून सगळ्यांसाठी एकच "इन्व्हॅलिड लॉगिन" दिसतं, आत मात्र वेगवेगळं लिहिलेलं असतं. आणि ओळच नसेल तर समजा तुम्ही त्या ऑर्गच्या दारापर्यंत पोचलाच नाहीत, प्रॉडक्शन-सँडबॉक्सचा पत्ता चुकलाय नाहीतर युजरनेमच चुकलंय. डायनॅमिक्ससाठी हेच काम एंट्रामधल्या साइन-इन लॉग्जमध्ये होतं, फक्त तिथे सर्व्हिस प्रिन्सिपलचा (एंट्रामधली ॲपची ओळख) टॅब उघडायला सांगा, युजरच्या टॅबमध्ये आपलं ॲप दिसत नाही.

एमएफएला (पासवर्डनंतर मोबाइलवर वगैरे मागतात ती दुसरी खात्री) घाबरू नका. सेल्सफोर्सनं १ फेब्रुवारी २०२२ पासून एमएफए सक्तीचं केलं ते स्क्रीनवरून लॉगिन करणाऱ्या माणसांसाठी, एपीआयच्या लॉगिनला ती सक्ती नाही. कोणी म्हणालं एमएफए आलं म्हणून जॉब चालत नाही, तर लॉगिन हिस्ट्री दाखवायला सांगा.

९. सिक्रेट सांभाळणं आणि तारीख

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिक्रेट टाकणं बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ड्रिफ्ट नावाच्या चॅट टूलची ओऑथ टोकन चोरीला गेली आणि ती वापरून चोरांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधून डेटा काढून नेला. पासवर्ड कोणाचा फुटला नव्हता, एमएफए कोणाचं तुटलं नव्हतं, टोकन हातात होतं एवढं पुरलं. त्याच वर्षी दुसरा प्रकार चालला होता, आयटी सपोर्टमधून बोलतोय म्हणून फोन यायचा आणि समोरच्याला सेल्सफोर्सच्या पानावर एक कोड टाकायला लावायचे, त्या कोडनं चोराचं बनावट डेटा लोडर (सेल्सफोर्समधून डेटा काढायचं-भरायचं टूल) जोडलं जायचं. त्यानंतर सप्टेंबर २०२५ पासून सेल्सफोर्सनं ऑर्गमध्ये इन्स्टॉल न केलेली कनेक्टेड ॲप्स वापरण्यावर बंधन आणलंय. तेव्हा तुमचं जुनं टूल एका युजरला चालतं आणि दुसऱ्याला "ॲप ब्लॉक्ड" म्हणत असेल तर कारण हे असू शकतं, ॲडमिनला ते ॲप इन्स्टॉल करून द्यायला सांगा. आणि फोनवर कोणी कोड टाकायला सांगितला तर फोन ठेवून आपल्या ओळखीच्या ॲडमिनला स्वतः लावा.

तारखेचं काम कनेक्शन चालू झालं त्याच दिवशी करून टाका. एंट्राच्या पोर्टलवर सिक्रेट जास्तीत जास्त २४ महिन्यांचं बनतं, बरेच ॲडमिन सहा महिन्यांचंच बनवतात. सर्टिफिकेटला पण शेवटची तारीख असते. ती तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये नको, टीमच्या शेअर्ड कॅलेंडरमध्ये टाका, आणि ऐन तारखेला नाही, एक महिना आधी, कारण मोठ्या क्लायंटकडे नवीन सिक्रेटसाठी चेंज रिक्वेस्ट, अप्रूव्हल असं सगळं होऊन हातात यायला वेळ लागतो. एंट्रामध्ये एका ॲपला दोन सिक्रेट एकाच वेळी चालतात, म्हणून नवीन बनवून, टूलमध्ये टाकून, एक रात्र जॉब चालू देऊन मगच जुनं काढायचं. दिवाळीच्या आठवड्यात काढू नका.